आंजर्ल्याची तर आणि तिथीची पाऊणकी

पुळण (धागाकर्ता, नाशिक)

आमच्या घराण्याला नाशिकला येऊन साठ वर्षे होत आली, तरी घरात कोणी ‘गावाला’ असा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ एकच होतो, दापोली तालुक्यातले आंजर्ले. जोग नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या उत्तर काठावर हे गाव आहे, आणि दक्षिण काठावर पाजपंढरी व त्यापुढे हर्णै. गावाविषयी जे काही छापून येते त्यात कड्यावरचा गणपती असतो, समोर दिसणारा सुवर्णदुर्ग असतो आणि अलीकडे कासवे असतात. ते सारे खरे आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. परंतु ज्या गोष्टीवर गावाचा रोजचा दिवस उभा होता, त्या खाडीवरच्या तरीविषयी (माणसांना पलीकडे नेणाऱ्या होडीविषयी) चार ओळीसुद्धा कुठे वाचायला मिळत नाहीत. पूल झाला, ती होडी बंद पडली, आणि तिच्याबरोबर वेळ मोजण्याची एक संपूर्ण रीत गावातून निघून गेली. ती मला जेवढी आठवते तेवढी इथे लिहून ठेवत आहे. ज्यांना अधिक ठाऊक असेल त्यांनी भर घालावी आणि माझे चुकले असेल तिथे निःसंकोच सांगावे.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात, उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी आजोबांचे पोस्टकार्ड नाशिकला येत असे. त्यात कधी निघावे हे लिहिलेले असे, पण तारीख घालून नव्हे. मजकूर साधारण असा असे : ‘वैशाख शुद्ध चतुर्थीस किंवा पंचमीस दुपारी तीन-चारच्या सुमारास तरीवर पोचाल अशा बेताने निघावे.’ मग वडील कालनिर्णय काढून तिथीची तारीख करीत आणि त्या तारखेवरून मागे मोजत प्रवासाचा दिवस ठरवीत. कसारा घाट उतरून ठाणे, पुढे पनवेल, महाड, पोलादपूर, कशेडीचा घाट, खेड, दापोली आणि हर्णै असा तो एसटीचा प्रवास मध्ये एक मुक्काम करूनच पुरा होई. आम्हा मुलांना वाटे की चतुर्थी-पंचमी हा काही शुभ मुहूर्त असावा. पुष्कळ वर्षांनी कळले की त्यात मुहूर्त नव्हता, भरती होती.

आजोबांनी तो हिशेब मला ओटीवर बसवून शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीचे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणून चतुर्थीला तीन वाजता भरती, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. मला पावकी-निमकी-पाऊणकी (पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे) पाठ करायला लावत त्याचा उपयोग काय, हा प्रश्न नाशिकच्या शाळेत कधी सुटला नव्हता, तो आंजर्ल्याच्या ओटीवर एका संध्याकाळी सुटला.

भरतीची वेळ कळली म्हणजे काम संपत नसे, कारण सगळ्या भरत्या सारख्या नसतात. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास पाणी खूप चढते आणि तितकेच खोल उतरते, त्याला उधाण म्हणायचे. अष्टमीच्या आगेमागे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, तो भांग. तर हाकणाऱ्यांचा सगळा विचार या दोन शब्दांवर चाले. उधाणाच्या भरतीला होडी थेट गावाच्या पायऱ्यांना लागे आणि आजीसुद्धा नऊवारी न भिजवता उतरत असे. उधाणाच्या ओहोटीला मात्र मधला प्रवाह तेवढा उरे, होडी त्यातच थांबे आणि दोन्ही काठांना पोटरीभर चिखल तुडवावा लागे. चतुर्थीला कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला हर्णै-मुरुडकडची माणसे येत. त्यांना सकाळी नऊला ओहोटी मिळे आणि परतताना तीनला भरती मिळे. त्यामुळे ती जाताना चिखलातून जात आणि येताना कोरड्या पायांनी येत. आजी म्हणे, देवाने आधी चालवून घेतले आणि मग सुखरूप पोचवले.

होडी लांब आणि पसरट होती. दोघे जण वल्ही मारीत आणि पाणी उथळ झाले की लांब बांबूने रेटत. आमच्या घरून तरीवाल्यांना रोजचे पैसे जात नसत. सुगीनंतर भात जाई आणि सणावाराला नारळ जात. उतरण्यासाठी चिऱ्याच्या अकरा पायऱ्या होत्या. त्या मी इतक्या वेळा मोजल्या आहेत की आकडा चुकणे शक्य नाही. वरून पाचव्या पायरीच्या कडेला, बोट आडवे बसेल एवढी एक खाच कोणीतरी छिन्नीने पाडलेली होती. पाणी त्या खाचेला टेकलेले असेल तर होडी पायरीला लागणार. खाच उघडी पडली असेल तर चपला हातात घ्यायच्या. पलीकडच्या काठावरून खाच दिसणे शक्य नव्हते, म्हणून अलीकडची मुले ओरडून सांगत, ‘खाच बुडाली!’ किंवा ‘खाच उघडी!’

ही रीत गोड होती असे म्हणून मला थांबता येत नाही. माझ्या धाकट्या आत्याला बाळंतपणात रात्री अडीच वाजता दापोलीच्या दवाखान्यात न्यावे लागले. शुद्ध द्वादशीची रात्र होती. द्वादशीची भरती नऊला होऊन गेलेली, म्हणजे तीनला पूर्ण ओहोटी. चौघांनी तिला खुर्चीत बसवून चिखलातून प्रवाहापर्यंत नेले, होडीत ठेवले आणि पलीकडे पुन्हा खांद्यावर घेतले. मी पायऱ्यांवर कंदील धरून उभा होतो आणि खाचेच्या खाली, अगदी खाली पाणी चमकत होते. आत्या वाचली, बाळ वाचले नाही. त्यामुळे पूल झाल्याबद्दल माझ्या मनात कसलीही खंत नाही, तो तीस वर्षे आधी व्हायला हवा होता. मला एवढेच वाटते की गावाने पिढ्यानपिढ्या मिळवलेली पाण्याची माहिती पुलाबरोबर टाकून देण्याचे कारण नव्हते.

माझा पहिला प्रश्न त्या पाचव्या पायरीचा आहे. ती आज जागेवर आहे का, हे कोणी पाहून सांगेल काय?

*

गोदाकाठ

मी जन्माने पंचवटीतला असून समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, तरीही हा लेख वाचताना परकेपणा वाटला नाही, कारण खाचेची जागा आमच्याकडे नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीने घेतलेली आहे. गंगेला पूर आला (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात) की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हा आकडा बातम्यांत येतो, पण घराघरांत विचारले जाते ते मारुतीच्या कुठवर पाणी आले एवढेच. गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला आले, या तीन शब्दांवर सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर न्यायचा की नाही ते ठरवतात. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरातही आम्ही हेच विचारत बसलो होतो, आणि त्याच रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. तो पूल आपल्या गावच्या वाटेवरचाच म्हणायचा.

एक शंका आहे. आपला हिशेब शुद्ध पक्षाचा झाला. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायच्या की सोळापासून पुढे न्यायच्या?

*

पाटी-पेन्सिल

मी नाशिक रोडला तीस वर्षे गणित शिकवले आहे, म्हणून वरील शंकेचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. तिथी पुन्हा एकपासूनच मोजायच्या, कारण समुद्राच्या दृष्टीने अमावास्या आणि पौर्णिमा सारख्याच. दोन्ही दिवशी सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण होते. म्हणून पंचांगात अमावास्येपुढे तीस हा आकडा असला तरी या हिशेबात तिलाही पंधराच धरायचे.

मला अधिक रस पाऊणपटीच्या अचूकपणात वाटला. भरती रोज थोडी थोडी उशिरा होत जाते आणि पंधरा तिथींमध्ये घड्याळाचे बरोबर बारा तास पुरे करते. बारा तासांची ७२० मिनिटे, त्यांना पंधराने भागले की एका तिथीला ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीमागे तीन मिनिटे कमी धरली जातात. चतुर्थीला ही तूट बारा मिनिटांची, पण पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तासावर जाते. पाऊणकीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, ४८ मिनिटांच्या हिशेबाने ती बाराला येते. तोंडी करता येणारे गणित म्हणून ही रीत उत्तम आहे, परंतु पक्षाच्या अखेरीस आपल्या आजोबांना पाऊण तास तरीवर थांबावे लागत असले पाहिजे.

*

पुळण (धागाकर्ता)

पाटी-पेन्सिल यांचे मनापासून आभार. तीन मिनिटांची गोष्ट मला साठाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितली नव्हती. फक्त एक भर घालावीशी वाटते. भरती सगळ्या किनाऱ्याला एकाच क्षणी लागत नाही. आपल्या बाजूला ती दक्षिणेकडे आधी होते आणि मुंबईकडे नंतर, आणि खाडीच्या तोंडाशी पाणी भरले तरी आत वरच्या अंगाला भरायला आणखी वेळ जातो. म्हणून प्रत्येक खाडीचे घड्याळ वेगळे असते आणि पाऊणकी ही कुठल्याच खाडीची नेमकी वेळ नसून सगळ्यांना चालेल असा अदमास आहे. आजोबांना हे शब्दांत सांगता आले नसते, पण आकडा काढल्यावर ते कधीही त्यावर विसंबून निघत नसत. आधी मला खाच बघायला पिटाळत. तिथीने वेळ सांगायची आणि खाचेने ती पडताळायची, असा तो दुहेरी व्यवहार होता. तर हाकणाऱ्यांना तर मी कधीच बोटे मोजताना पाहिले नाही. ते वेळ कशी ओळखत हे मी त्या वयात विचारले नाही, याचे मला आज फार वाईट वाटते.

*

हर्णैची लेक

माझे माहेर हर्णैचे, कोळ्याचे घर, आणि गेली बावीस वर्षे मी नाशिकला सिडकोत राहते. पुळणदादा, तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे, म्हणून आज प्रथमच इथे लिहीत आहे.

आमच्या घरात पंचांग नव्हते आणि पाऊणकी कोणाला येत नव्हती. आमचा बाबा चंद्राकडे बघायचा. चंद्र डोक्यावर आला की पाणी भरलेले, चंद्र मावळतीला टेकला की पाणी सुकलेले, पुन्हा उगवतीला आला तेव्हाही सुकलेले. बस, एवढेच. ढग असले तर आदल्या रात्री पाहिलेला चंद्र मनात धरून तो जरा मागे सरकवायचा. या रीतीत तीन मिनिटांची तूट येत नाही, कारण मोजायचे काहीच नसते. तुमच्या आत्याला नेले त्या द्वादशीच्या रात्री तीनच्या सुमाराला चंद्र मावळायला आला असणार, म्हणजे तरीवाल्यांनी घरातून बाहेर पाऊल टाकतानाच ओळखले असणार की आज चिखल आहे.

बायकांचे ज्ञान वेगळे होते आणि ते लिहिले जात नाही. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे सहाच्या आसपास समुद्र सर्वांत दूर जातो, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, तेव्हा आई आणि आत्या कोयता-टोपली घेऊन कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला जायच्या. दीड तासापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. पाठ समुद्राकडे असायची, तरी पाणी फिरले हे त्यांना पायाला कळायचे. खडकाच्या फटीतले थंड पाणी अचानक हलायला लागले की आई ‘उठा’ म्हणायची आणि तिच्या आवाजात कधी घाई नसायची.

आता एक गोष्ट जराशी तक्रारीची, पण तुम्ही निःसंकोच सांगा म्हणालात म्हणून लिहिते. तुमच्या तरीत तुमची आजी आहे, दर्शनाची माणसे आहेत, पण डोक्यावर पाटी घेतलेल्या आमच्या बायका नाहीत. माझी आजी आठवड्यातून चार दिवस मासळी घेऊन आंजर्ल्याला यायची. लहान असताना सुट्टीत मी तिच्याबरोबर असायचे. आम्ही शेवटी चढायचे, पाटी मागच्या टोकाला ठेवायची आणि उतरायचेही शेवटी. चिखल असला की चपला हातात घेण्याचा प्रश्नच नसायचा, कारण हात पाटीला असायचे आणि चपला नसायच्या. दुपारी मासळी विकून झाल्यावर पाणी कधी येते याची वाट बघत ती तुमच्या त्या पायऱ्यांवरच बसायची आणि मला गोष्टी सांगायची. खाच मला आठवते, तिच्यात मी शिंपले ठेवायचे.

संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मासळीचा लिलाव भरतो तो आता पुष्कळ लोक पाहायला येतात. होड्या बाहेर पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी काठावर आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे असतात, ते किती वेळ उभे राहायचे हेसुद्धा भरती-ओहोटीच ठरवते. तिथे हे ज्ञान अजून गेलेले नाही, रोज वापरात आहे. ते तुमच्या काठावरून गेले, आमच्या काठावरून नाही.

*

पुळण (धागाकर्ता)

ताई, आपण लिहिलेले मी तीनदा वाचले. पाट्या मागच्या टोकाला असत हे मला स्वच्छ आठवते, आणि ते आठवत असूनही माझ्या लिखाणात आले नाही, ही माझी चूक आहे. ‘रीत गावातून निघून गेली’ हे माझे वाक्यही आपल्यामुळे दुरुस्त करतो : ती आमच्या आगरवाल्या (नारळ-पोफळीच्या बागा असलेल्या) घरांतून गेली. चंद्राची खूण मी काल रात्री गच्चीवर जाऊन पडताळली. आईला (वय वर्षे शहाऐंशी) विचारले तेव्हा ती म्हणाली की तरीवाले रात्री बोलावायला गेले की दार उघडून आधी वर बघत, आणि तिला वाटे की ते देवाला नमस्कार करतात.

*

आनंदवल्ली

धागा खाडीचा आहे याचे भान ठेवून किल्ल्याविषयी थोडेच लिहितो. हर्णैच्या काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा असे तीन दुर्ग आहेत आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसल्यावर एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या इंग्रजी जहाजांनी तोफा डागून सुवर्णदुर्ग घेतला आणि तो पेशव्यांच्या ताब्यात गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाला तुळाजीचे आरमार जळाले. मराठ्यांनी परक्यांच्या मदतीने आपलेच आरमार बुडवले, ही सल मला आजही जाते असे म्हणवत नाही.

आमच्या नाशिकच्या आनंदवल्लीचा या किल्ल्याशी संबंध दुसऱ्या बाजीरावामुळे येतो. राघोबादादांच्या पश्चात आनंदीबाई मुलांसह काही काळ इथे राहिल्या होत्या. तोच मुलगा पेशवा झाल्यावर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढून पुणे सोडून महाडमार्गे निघाला, तो सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. गोदेच्या काठी वाढलेल्या त्या पेशव्याला हर्णैच्या काठावर उभे राहून होडीची वाट पाहावी लागली असेल, तेव्हा पाणी केव्हा भरते हे त्याला कोणी सांगितले असेल, असा विचार हा धागा वाचल्यापासून मनातून जात नाही. सांगणारा ताईंच्या घराण्यासारख्याच एखाद्या घरातला असणार.

*

डोणकाठ

आंजर्ल्याच्या आगरात माझे बालपण गेले. आता इंदिरानगरला असतो, धाकटा भाऊ गावी आहे. भरतीचा हिशेब तरीपुरता नव्हता हे सांगण्यासाठी लिहितो. आमच्या वाडीची विहीर समुद्राच्या अंगाला होती. उन्हाळ्यात उधाणाचे दिवस आले की तिचे पाणी मचूळ होई आणि वडील त्या दोन-तीन दिवसांत रहाट थोडाच वेळ चालवीत. पोफळीला (सुपारीच्या झाडाला) खारे पाणी सोसत नाही, माड त्या मानाने सोसतो. रहाटाला रेडा जुंपलेला असे, त्याच्या डोळ्यांना झापडे बांधलेली असत आणि तो फिरू लागला की माळेवरचे लोटे एकामागून एक वर येऊन डोणीत रिकामे होत. डोणीतून पाटात, पाटातून आळ्यात. लहानपणी माझे काम पाटाच्या टोकाला बसून आळे भरले की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या आळ्यात सोडण्याचे. रहाटाचा कुरकुर आवाज थांबला की आई चुलीवर भात चढवी, तोच आमचा दुपारचा भोंगा. पंप आल्यावर आवाज बदलला आणि पाणी किती उपसायचे याचा धरबंध सुटला, असे माझे स्पष्ट मत आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या वाडीतली पोफळ जवळजवळ सगळी आडवी झाली. भावाने फोनवर एवढेच सांगितले की घरातून आता थेट समुद्र दिसतो. आधी कधीच दिसत नव्हता. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. त्याने पुन्हा लावली आहे.

*

पाटी-पेन्सिल

डोणकाठ यांचे वाचून मी ३ जून २०२० ची तिथी काढली : ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. पाऊणकीने भरती सकाळी नऊ, माझ्या ४८ मिनिटांनी नऊ वाजून छत्तीस. वादळ किनाऱ्याला लागले ते दुपारी, म्हणजे पाणी उतरत असताना. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, उधाणाचेच दिवस होते. तेच वादळ चार-पाच तास आधी आले असते तर वाऱ्याच्या जोडीला उधाणाची भरती असती आणि खालच्या अंगाच्या घरांत समुद्र शिरला असता. आकडेमोड केल्यावर मी बराच वेळ काही न करता बसून राहिले.

*

सुरूचे बन

एक छोटी भर. गावात कासवांचे काम करणारी मुले हे ज्ञान नव्याने शिकत आहेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे ते आंजर्ल्यापर्यंत आले. मादी रात्री पुळणीवर येऊन अंडी घालते. घरटे उधाणरेषेच्या वर आहे की खाली, हे पाहून अंडी हलवायची की नाही ते ठरते, कारण पिल्ले बाहेर यायला दीड-पावणेदोन महिने लागतात आणि तेवढ्या काळात तीन-चार उधाणे येऊन जातात. पूर्वी हीच अंडी लोक काढून नेत. मीही लहानपणी नेली आहेत. आज माझा पुतण्या पहाटे काठी घेऊन त्याच पुळणीवर माग शोधत चालतो आणि निघण्यापूर्वी तिथी पाहतो.

*

पुळण (धागाकर्ता)

सर्वांचा ऋणी आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, ते कळवतो.

धागा वाचून गावातल्या चुलतभावाने मनावर घेतले. परवा पौर्णिमा होती, म्हणून संध्याकाळी सहाला, पाणी पुरते सुकल्यावर, तो घमेले आणि खुरपे घेऊन जुन्या तरीच्या जागी उतरला. वरच्या दोन पायऱ्या गवताखाली आहेत, तिसरीचा चिरा खचला आहे आणि चौथीपासून खाली गाळ भरला आहे, कारण येणे-जाणे बंद झाल्यापासून तो काढायला कोणी नाही. हातभर गाळ उपसल्यावर पाचवी पायरी लागली. खाच जागेवर आहे. तिच्यात आणि आजूबाजूला कालवे चिकटून वाढली आहेत, त्यामुळे आधी ती त्याला ओळखूच आली नाही. त्याने कालवे काढली नाहीत, तशीच ठेवली. हर्णैच्या ताईंना मी हे मुद्दाम सांगतो.

त्याने पाठवलेला फोटो मी मोठा करून आईला दाखवला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हा वरून काढलाय. होडीतून आलं की खाच डाव्या हाताला येते.”